तिसाव्या दिवशीचा फोन

विष्णुपुरीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
चादरी ठेवायच्या खोलीत माझं टेबल आहे.
फिनेलचा वास, खिडकीला पुठ्ठा,
आणि एकशे वीस फायली.
फायलींवर नाव लिहायचं नसतं.
आकडा लिहायचा,
आणि आकड्याला ताप आला की तापाची वेळ.

प्रश्न साधा आहे, सर म्हणतात :
गळ्याजवळच्या नळीचं तोंड कशानं पुसावं,
जुन्या स्पिरिटनं की नव्या निळ्या औषधानं,
म्हणजे केमोनंतर रक्तात जंतू शिरणार नाहीत?
साध्या प्रश्नाला दोन वर्षं लागतात
आणि सोळा पानांचं संमतिपत्र.

सत्तेचाळीस नंबरनं सोळाही पानं ऐकली.
मुखेडकडची. बचत गटाची अध्यक्ष. सहीसाठी स्वतःचा पेन.
बंद पाकिटं पुढं केली तेव्हा हसली,
"म्हंजे भिशीच की ही, बाई.
माझी चिठ्ठी कधी पयली निघत न्हाई. फोडा."

निळं निघालं.

शेजारच्या खाटेवर शेहेचाळीस नंबर,
कंधारची, अकरावीतली पोर,
उशीखाली भूगोलाचं पुस्तक.
तिला आदल्या दिवशी स्पिरिट निघालं होतं.
"अदलाबदल चालत न्हाई का?"
नाही चालत. पान सहा.
मी पुन्हा वाचून दाखवलं.

रात्री नर्सच्या आधी तीच उठायची.
पोरीच्या कपाळाला हात लावायची
आणि सकाळी माझ्या टेबलाशी येऊन सांगायची :
"पहाटं चारला कढत होती. लिवा."
हाताचा ताप लिहिता येत नाही, मावशी.
थर्मामीटरचा लागतो.
थर्मामीटर सहाला लागला. एकशे दोन.
मी लिहिलं, सहा.

रक्ताची बाटली खाली लॅबला गेली.
दुसऱ्या दिवशी काचेच्या ताटलीत
राखाडी, बुळबुळीत ठिपके,
गवारीच्या बियांएवढे.
लॅबमधल्या कावेरीनं झाकण लावलं,
हात धुतले, परत धुतले,
आणि जंतूचं लांबलचक नाव
माझ्या वहीत नीट अक्षरात काढून दिलं.

तिसाव्या दिवशी फोन करायचा असतो.
कागदावर तीन चौकोन :
जिवंत. मृत. संपर्क नाही.
सत्तेचाळीसच्या पुढं नंबर होता,
कंसात : गिरणी, शिवलिंग.

"थांबा, बलिवतो. पट्टा बंद करतो जरा."
गिरणी उतरत उतरत थांबली.
कुणाचा तरी पत्र्याचा डबा. शेळी. चपला.
मग ती, धापा टाकत :
"बाई, मी हाव. ताप न्हाई. भाकर जायली.
नळीची जागा तेवढी खाजायली."
खाज, होय. मी लिहिलं.
"अन् ती पोरगी? कंधारची?"

पान अकरा :
एका रुग्णाची माहिती दुसऱ्या रुग्णाला देऊ नये.
"मला सांगता येत नाही, मावशी," म्हणाले,
आणि म्हणता म्हणताच कळलं
की सांगून झालं.

तिकडं कुणी काही बोललं नाही.
मग तिचा आवाज, माझ्यासाठी नसलेला :
"चालू कर रे शिवलिंगा, तुझी गिरणी."

फोन तिनं ठेवला नाही. मीही नाही.
किती वेळ कुणास ठाऊक,
कुणाची तरी ज्वारी माझ्या कानात दळत राहिली.
पहिल्या चौकोनात खूण केली.
वेळ : अकरा सात.

मग शेहेचाळीसची फाईल काढली.
शेवटच्या पानावर 'शेरा' म्हणून दोन ओळी मोकळ्या असतात.
तिथं लिहिलं :
पहाटे चार. हाताला कढत.

सर खोडतील.
पण खोडायचं तर एकच रेघ मारायची,
खालचं वाचता आलं पाहिजे.
तोही नियमच आहे.